निवेदन लिहून मिळेल

सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराला पेडण्यात दोन कामे न मागता मिळतात. देवस्थान समितीचे इतिवृत्त लिहिणे हे एक, आणि वाड्यावरच्या लोकांना निवेदने लिहून देणे हे दुसरे. पहिले काम मी मोतीबिंदूचे कारण सांगून टाळले. दुसऱ्याला ते कारण चालले नाही. ‘निवेदन बरोवपाक दोळे कित्याक जाय?’ असे शेजारच्या आबांनी विचारले, आणि आता एवढा अनुभव गाठीला जमल्यावर मलाही वाटते की त्यांचे बरोबर होते.

निवेदनाचा साचा पक्का असतो. ‘मा. महोदय, आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की’ इथपर्यंत मजकूर माझ्याकडे तयारच असतो. येणाऱ्याला मी तीनच गोष्टी विचारतो. निवेदन कोणाला द्यायचे? काय हवे आहे, की काय नको आहे? आणि शेवटी ‘तीव्र आंदोलन छेडावे लागेल’ घालायचे की नाही? तिसऱ्या प्रश्नाला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. तीव्र आंदोलन नसलेल्या कागदावर आमच्याकडे सही मिळत नाही. आंदोलन प्रत्यक्ष झाले तर मात्र लोक विचारतात, ‘हे कोणी लिहिले होते?’

आणखी एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्याकडे बोलणे कोकणीत, भांडण कोकणीत, निवेदन मराठीत, खोलीचे भाडे हिंदीत आणि प्लॉटचा सौदा इंग्रजीत होतो. एकच माणूस या चार भाषांत चार मते सांगतो, आणि चारही वेळा तो अगदी मनापासून बोलत असतो. हे समजायला मला बरीच वर्षे लागली. पोरांना व्याकरण शिकवताना कर्ता एक असला की क्रियापद त्याच्यामागे जाते असे मी सांगत असे. वाड्यावर कर्ता एकच असतो, पण क्रियापदे चारी दिशांना जातात.

लिहून दिलेल्या प्रत्येक निवेदनाची एक प्रत मी कापडी पिशवीत ठेवतो. पिशवीच्या तळाशी जुने कागद आहेत. त्यांत चांदेलच्या पाण्याचा नळ कोरडा आहे, म्हापशाची शेवटची बस लवकर सुटते, स्मशानाकडच्या वाटेवर दिवा नाही, असले साधे विषय. तेव्हा लोकांना काय हवे ते लोकांना ठाऊक असायचे. वरचे कागद तसे नाहीत.

सर्वांत जाड गठ्ठा मोपाचा. २००० साली केंद्र सरकारने मोपाच्या पठारावर विमानतळाला मान्यता दिली. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तोवर माझ्या त्या वेळच्या चौथीतल्या पोरांची पोरे पहिलीत जाऊ लागली होती. मधल्या काळात पेडणे तालुक्याने जे काम केले ते म्हणजे मोपावर बोलणे. पिशवीत पहिले निवेदन आहे, ‘विमानतळ झालाच पाहिजे, आमच्या मुलांना रोजगार मिळेल’. त्यानंतरचे आहे, ‘विमानतळ नकोच, आमच्या काजूच्या बागा आणि झरी जातील’. पुढचे, ‘विमानतळ येणारच असेल तर जमिनीला योग्य भाव द्या’. २०१६ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झाली तेव्हा एक अभिनंदनाचे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला रोखला आणि काम थांबले, तेव्हा एक समाधानाचे. पाठोपाठ ‘काम लवकर सुरू करा, आमची पोरे घरी बसून आहेत’ असेही एक. २०२० च्या जानेवारीत वाट मोकळी झाली, मग नावाचा विषय निघाला. काहींना भाऊसाहेब बांदोडकरांचे नाव हवे होते, काहींना मनोहर पर्रीकरांचे. दोन्ही मी लिहून दिली. नाव पर्रीकरांचे लागले, आणि वाड्यावर सगळे जण त्याला आजही नुसते ‘मोपा’ म्हणतात.

हे सारे कागद कोणा संशोधकाच्या हाती लागले तर तो म्हणेल, या वाड्यावर दोन गट होते आणि त्यांच्यात वीस वर्षे संघर्ष चालला. त्याने खालच्या सह्या पाहाव्यात. प्रत्येक कागदावर त्याच सह्या त्याच क्रमाने आहेत, आणि पहिली सही आबांची. हा वाड्याचा नियमच आहे. आबा वयाने मोठे, त्यांची सही वळणदार, आणि ती वर नसेल तर पुढची माणसे ‘आबांनी का नाही केली?’ असे विचारून पेन खाली ठेवतात. दोन्ही बाजूंना सही कशी करता, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, “मास्तर, माणूस ऊन चढायच्या आत कागद घेऊन दारात येतो. त्याचे मन कशाला मोडायचे? सही ही त्या माणसासाठी असते. विमानतळाचे काय ते सरकार बघेल.”

पठारावर राहणाऱ्या धनगर कुटुंबांना तिथून हलवले गेले. त्यांचे निवेदन लिहायला माझ्याकडे कोणी आले नाही, आणि मीही कोणाकडे विचारायला गेलो नाही.

५ जानेवारी २०२३ ला विमाने उतरू लागली. पहिले काही दिवस वाडा मान वर करून चालत होता आणि बऱ्याच जणांनी गटारात पाय घातले. आता विमान कोणी पाहत नाही. वाड्यावरच्या माई तेवढ्या त्यावरून वेळ ओळखतात. अमुक विमान गेले की तांदूळ धुवायचे, तमुक गेले की मालिका लावायची. परवा दाट धुक्यामुळे एक विमान उशिरा आले, तर वाड्यावर एका घरी पेज उशिरा झाली.

माझा भाचा नोकरीच्या आशेने विमानतळावर अर्ज करून आला होता. नोकरीची वाट पाहून त्याने कर्ज काढले आणि टॅक्सी घेतली. आता विमानतळाच्या अर्थशास्त्रावर त्याच्याइतके अधिकाराने बोलणारा दुसरा कोणी नाही. त्याला पर्यटक खूप यायला हवेत, पण रस्त्यावर गर्दी नको. धारगळहून मोपाला जाणारा सहा पदरी रस्ता झाल्याचा त्याला अभिमान आहे, पण त्यामुळे पेडणे बाजारातून कोणी जात नाही याचा रागही आहे. अ‍ॅपवाल्या टॅक्सी गोव्यात नकोत, यासाठी त्याने माझ्याकडून लिहून घेतलेल्या निवेदनात ‘स्थानिकांच्या पोटावर पाय’ हे शब्द तीनदा आले आहेत. मला दोनदा पुरे वाटत होते. गेल्या मे महिन्यात तो पुण्याला लग्नाला गेला. परत आल्यावर म्हणाला, “मामा, तिथे मोबाइलवर बोट लावले की टॅक्सी दारात! भावही आधी कळतो. घासाघीस नाही, काही नाही. फार सोयीचे पडते हो.” मी त्याच्याकडे पाहत राहिलो. “ते पुण्यात,” तो म्हणाला.

जाहिरातीच्या फलकांविषयी न लिहिलेले बरे, पण राहवत नाही. पत्रादेवीपासून कोलवाळच्या पुलापर्यंत हमरस्त्याला जितकी झाडे उरली आहेत त्याहून जास्त फलक आहेत असे मला वाटते, आणि सर्वांवर एकच मजकूर, ‘विमानतळापासून फक्त दहा मिनिटांवर’. हरमल दहा मिनिटांवर, मांद्रे दहा मिनिटांवर, धारगळ दहा मिनिटांवर. हद्द ओलांडून बांदा आणि दोडामार्गसुद्धा दहा मिनिटांवर आले आहेत. पूर्वी दहा मिनिटांत पेडण्याच्या बाजारातून बस निघतही नसे. कंडक्टर खाली उतरून भाजी-पाव खाऊन येई आणि प्रवासी त्याला हाक मारत नसत, कारण निम्मे प्रवासी त्याच्याच बरोबर पातळ भाजी खात असत.

आणि त्या घरांची नावे! ‘कासा’ हे, ‘विला’ ते. फलकावर चित्र असते ते पोर्तुगीज धाटणीच्या घराचे. शिंपल्यांच्या खिडक्या, पुढे बाल्कांव, निळ्या नक्षीच्या फरशा. पेडणे नव्या काबिजादीतले. पोर्तुगीज तिसवाडी, बार्देश, साष्टीत सोळाव्या शतकात आले, आमच्याकडे ते १७८८ मध्ये पोचले. तोवर त्यांनाही बांधकामाचा कंटाळा आला असावा. आमच्या घरांना चिऱ्याच्या भिंती, पुढे ओसरी, अंगणात तुळस. पोर्तुगिजांना पावणेदोनशे वर्षांत आमच्या वाड्यावर एक ‘कासा’ उभे करता आले नाही, ते दिल्लीच्या बिल्डरने दीड वर्षात करून दाखवले. आबांनी फलकावरचे घर बराच वेळ निरखले आणि विचारले, “ह्या घराक तुळस खंय?” विक्रीच्या पोरीने नम्रपणे सांगितले की तिथे पोहण्याचा तलाव आहे.

आबांची चौकशी सहज नव्हती. डोंगराच्या उतारावर त्यांची काजूची बाग होती. वाटण्या होऊन होऊन त्यांच्या वाट्याला आलेला तो तुकडा. बोंडे वेचायला माणूस मिळेना, मुलगा मुंबईला, सुनेला उताराची सवय नाही. तशात दिल्लीहून एक गृहस्थ आले आणि त्यांनी भाव सांगितला. आबांनी तो आकडा कोकणीत पुन्हा म्हणून पाहिला, मराठीत म्हणून पाहिला, दोन्हींत तो तेवढाच राहिला. तरी त्यांनी लगेच होकार दिला नाही. आमच्याकडे मोठा निर्णय देवाला विचारल्याशिवाय होत नाही. त्यांनी देवळात जाऊन प्रसाद लावला. मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. उजवी पडली. आबा बाहेर येऊन मला म्हणाले, “देवाने वीक म्हणून सांगितले. केवढ्याला ते नाही सांगितले.” ते दिल्लीच्या माणसाने आधीच सांगितले होते.

जमीन विकल्यापासून ‘जमिनी विकू नका’ या विषयावर आबांचे बोलणे ऐकण्यासारखे झाले आहे. हॉटेलच्या बाकावर बसून, एक बन पातळ भाजीत बुडवत ते तरुणांना सांगतात, “वाडवडिलांची माती आहे रे, एकदा गेली की गेली.” नगरनियोजन खात्याच्या नोटिसा वर्तमानपत्रात येतात. अमुक सर्व्हे नंबर ऑर्चर्डमधून सेटलमेंटमध्ये, हरकती असल्यास तीस दिवसांत कळवा. आबा त्या भिंग लावून वाचतात आणि कापून ठेवतात. हरकत घ्यायची म्हणून मला बोलावतात. मी कागद घेऊन जातो तेव्हा ते त्याच नोटिशीवर बोट ठेवून हळूच विचारतात, “हांगा कितले दिले आसतले?” स्वतःला मिळाले त्याहून कोणाला जास्त मिळाले, ही शंका एवढी वर्षे टिकलेल्या निसर्गप्रेमाला फार बळ देते.

माईंचे प्रकरण निराळे. त्यांनी माडीवरची खोली भाड्याने दिली आहे. भाडेकरू गुडगावचा मुलगा. तो दिवसभर संगणकापुढे बसतो आणि कानाला काहीतरी लावून एकटाच बोलतो. पहिल्या आठवड्यात माईंनी त्याच्यासाठी देवळात नारळ ठेवायचे ठरवले होते. आमची पेडण्याची पुनव प्रसिद्ध आहे. कोजागिरीला देवाची तरंगे निघतात आणि अंगात शिरलेली भुते त्या रात्री उतरतात अशी श्रद्धा आहे. ती पुनव चार दिवसांवर आली होती, तेव्हा त्याला परस्पर तिकडेच न्यावे, असा एक विचार निघाला. तो ऑफिसशी बोलतो हे कळल्यावर माई म्हणाल्या, “मग तें भूत उतरचें ना.”

माईंच्या मते वाड्यावर भायले लोक फार वाढले. कचरा वाढला, मासळी महागली, रात्री कोण कुठे फिरतो कळत नाही. भाडेकरूंची पोलिसांनी कडक पडताळणी करावी, असे निवेदन त्यांनीच लिहून घेतले, तीव्र आंदोलनासह. मी विचारले, “माई, तुमच्या पोराचा फॉर्म भरलात?” त्या माझ्यावरच चिडल्या. “तो आमचो न्हय? भायले ते वेगळे.” त्या पोराचे ‘आंटी’वरून ‘माई’ कधी झाले हे मला कळले नाही. एवढे खरे की गेल्या चवथीत माटोळीला बांधायची फळे त्याने रानातून हुडकून आणली, आणि वाड्यावरच्या पोरांनी ती बाजारातून आणली.

त्याची तक्रार एकच होती, माईंचा कोंबडा. कोंबडा पहाटे आरवतो आणि हा झोपतो पहाटे. त्याने माझ्याकडे येऊन अतिशय सभ्यपणे विचारले की याबाबत कोणाकडे अर्ज करता येईल. मी त्याला सांगितले की या विषयावर माई स्वतःच सक्षम अधिकारी आहेत. मग रविवारी त्याला ताटात कोंबड्याचा रस्सा मिळाला. तो तोच कोंबडा की दुसरा, हे त्याने विचारले नाही आणि माईंनी सांगितले नाही. सोमवारी पहाटे वाड्यावर शांतता होती. मला स्वतःला त्या दिवशी उशिरा जाग आली आणि दूधवाला परत गेला.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर सनबर्नचे सांगायला हवे. २०२४ च्या डिसेंबरअखेर तो संगीत महोत्सव धारगळला झाला. त्याच धारगळला आयुषचे मोठे इस्पितळ आहे, जिथे माई गुडघ्याला तेल लावून घ्यायला जातात. पेडणे तालुका ढवळून निघाला. आमच्याकडेही देवळाच्या मंडपात बैठक झाली आणि निवेदन ठरले. कानठळ्या बसवणारा आवाज, रात्री-अपरात्री चालणारे कार्यक्रम, तरुण पिढीवर परिणाम, आमची संस्कृती. मजकूर मी सांगत होतो, पण मागच्यांना ऐकू जात नव्हता, कारण मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जत्रेच्या दशावतारी नाटकासाठी कर्णे लावून पाहत होते. आमचे नाटक मध्यरात्री उभे राहते आणि उजाडल्यावर संपते. संकासुर ओरडला की सीमेपलीकडची कुत्री उठतात. माईंचा भाडेकरू बैठकीला येऊन मागे उभा होता. त्याने कर्ण्यांकडे पाहिले, मोबाइलवर काही वाचले आणि मला शांतपणे विचारले, “अंकल, दस बजे के बाद का परमिशन लेते हैं क्या?” त्याचे हिंदी नीट न समजणारी एवढी माणसे आपल्या वाड्यावर आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

भाच्याची सही त्या निवेदनावर आहे, पण जरा हललेली आहे. गाडी चालू ठेवून त्याने ती खिडकीतून केली. मागे बंगळूरची चार मुले बसली होती आणि त्यांना धारगळला वेळेवर पोचायचे होते.

माझी धाकटी बहीण डिचोलीला दिलेली. नव्या सोमवाराच्या उत्सवाला मी तिच्याकडे जातो, आणि पेडण्यात वाढलेला माझा उत्साह तिथे खाली बसतो. डिचोलीने हे सगळे आमच्या आधी पाहिले आहे, फक्त आकाशातून आले नाही, जमिनीतून आले. या शतकाच्या सुरुवातीला चीनला लोखंड हवे झाले, आणि जे हलके खनिज कोणी विचारत नव्हते त्यालाही सोन्याचा भाव आला. ज्याच्याकडे बँकेत दाखवायला काही होते त्याने ट्रक काढला. भावोजींनी एक काढला, मग त्याला सोबत म्हणून दुसरा. रस्त्याने ट्रकांची माळ, नदीत बार्जची माळ. बहिणीच्या तुळशीची पाने तांबडी, वाळत घातलेली सांडगी तांबडी, भावोजींचे धोतर लग्नात होते त्या रंगाचे पुन्हा कधी झाले नाही. ती मला फोन करून सांगायची, “दादा, एक निवेदन लिहून दे. रस्त्यावर पाणी मारा म्हणावे, जीव घुसमटतो.” मी लिहून देत असे. पाण्याचा टँकर येई, धुळीचा चिखल करून जाई.

२०१२ साली खाणी बंद झाल्या. डिचोलीत एकदम असे शांत झाले की बहिणीला रात्री झोप येईना. हप्ते थांबले नव्हते. ट्रक अंगणात उभे, एकाच्या टपावर तिने दोडक्याचा वेल चढवला. “निवेदन लिहून दे दादा, खाणी सुरू करा म्हणावे.” तेही लिहिले. मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या. वेल काढला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केली आणि पुन्हा सगळे थांबले. वेल परत चढवला. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले, डिचोलीचा खाणपट्टा पहिल्या लिलावातच गेला, आणि २०२४ मध्ये काम सुरू झाले. आता तिच्या तुळशीवर पुन्हा तांबडा थर बसू लागला आहे. मी विचारले, “काय, लिहू का पाणी मारायचे?” ती म्हणाली, “राहू दे. पुसते मी.”

डिचोलीकर नव्या गोष्टीला हार घालत नाहीत आणि काळे झेंडेही दाखवत नाहीत. ते फक्त ती बंद कधी होणार असे विचारतात आणि त्या हिशेबाने कर्ज घेतात. गेल्या वेळी ती माहेरी आली तेव्हा भाच्याने तिला टॅक्सी दाखवली. नवी कोरी, वर फुलांचा हार, काचेवर देवीचे नाव. त्याला आणखी एक घ्यायची आहे. बहिणीने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात फिरवला आणि म्हणाली, “घे रे बाबा. पण शेडीत उभी करू नको, उन्हात कर. दोडक्याला ऊन लागते.”

माझ्या जुन्या शाळेकडे मी कधी कधी जातो. पट कमी झाला म्हणून अधूनमधून ती बंद करण्याचे चालते. वाड्यावरची पोरे इंग्रजी शाळेच्या बसने जातात. ‘मराठी शाळा वाचवा’ या निवेदनावर सही करून त्यांचे आईबाप ती बस गाठायला धावले होते. वर्गात बसतात ती विजापूरकडून, ओडिशातून, बिहारमधून आलेल्या मजुरांची पोरे, म्हणजे ज्यांचे बाप ती ‘कासा’ बांधतात त्यांची. पाढे खणखणीत म्हणतात. त्यांतल्या एका पोरीचे शुद्धलेखन मी तपासले. ‘नम्रपणे’ तिने न चुकता लिहिले होते. माझी गादी चालवणारे कोणी आहे, हे कळून बरे वाटले.

गेल्या महिन्यात माईंचा भाडेकरू माझ्याकडे आला. आता तो भाडेकरू राहिलेला नाही. उताराखालच्या पहिल्या इमारतीत त्याने फ्लॅट घेतला आहे, जेवायला मात्र माईंकडेच येतो. त्याच्या हातात इंग्रजीत लिहिलेला कागद होता. त्याच्या खिडकीसमोर, डोंगराच्या उतारावर दुसरी इमारत उभी राहते आहे. झाडे गेली, मोर येत नाहीत, दिवसभर यंत्रांचा आवाज, विहिरीचे पाणी खाली गेले. “अंकल, इसको प्रॉपर मराठी में बना दीजिए। और बाहर के लोग भी बहुत आ रहे हैं, वो भी लिखिए।”

मी लिहायला बसलो. ‘आम्ही खाली सह्या करणारे स्थानिक रहिवासी’ इथे पेन क्षणभर थांबले, मग पुढे गेले. चवथीला माटोळी बांधणाऱ्याला स्थानिक नाही म्हणायचे तर वाड्यावर फार थोडे उरतील. शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला, तीव्र आंदोलन घालू का? तीव्र आंदोलन म्हणजे काय, असे त्याने विचारले. मी समजावून सांगितले. रस्त्यावर बसायचे, घोषणा द्यायच्या, अधिकारी येईपर्यंत उठायचे नाही. त्याने मोबाइल काढून तारखा पाहिल्या. “वीकएंड पे हो सकता है?”

माईंनी सही केली. भाच्याने बॉनेटवर कागद ठेवून केली, आणि इमारतीत राहायला येणाऱ्यांना विमानतळावर कोण पोचवणार आहे याची चौकशी केली. पहिली ओळ मी रिवाजाप्रमाणे रिकामी ठेवली होती. संध्याकाळी आबांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून सगळा मजकूर वाचला, ‘वृक्षसंपदा’ या शब्दावर मान डोलावली आणि पेन उघडले. मला राहवेना. मी म्हटले, “आबा, ती इमारत उभी राहते ती जागा तुमचीच ना?”

“होती,” आबा सही करता करता म्हणाले. “म्हणूनच तर पहिला हक्क माझा.”